मुका आठवडा

मध्यवर्ती बँकेतल्या त्या खोलीतला पंखा नुसता गरगरायचा, वारा म्हणून द्यायचा नाही. आणि चुकून दिलाच तर टेबलावरचे कागद उडायचे, म्हणजे तोही नकोच! निवृत्त झाल्यावर आकडेबाईला सगळ्यात जास्त आठवायची ती हीच खोली.

आकडेबाई हे नाव तिच्या दादानं ठेवलेलं. दादा सुतार. तिला नोकरी लागली त्या दिवशी त्यानं विचारलं, "तिथे करणार काय तू?"

"देशात पैसा किती आहे ते मोजणार."

हातातला रंधा बाजूला ठेवून दादा पोट धरून हसला. "मग माझा खिसा आत्ताच मोजून टाक, आकडेबाई. फार वेळ नाही लागायचा."

गंमत अशी, की खिशातला पैसा खरंच हिशेबात धरायचा असतो! लोकांच्या हातातली रोकड धरायची, त्यांच्या ठेवी धरायच्या. बँकेच्या तिजोरीतल्या नोटा मात्र धरायच्या नाहीत, कारण त्या अजून बाजारात फिरायला बाहेर पडलेल्याच नसतात. एका बँकेनं दुसरीकडे ठेवलेला पैसा वजा करायचा, नाहीतर तोच दोनदा मोजला जातो. नवा माणूस हटकून इथेच फसायचा. मग साहेब चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "वा! एका दुपारीत देश श्रीमंत केलात की!" सगळी खोली खो खो हसायची, आणि त्या बिचाऱ्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागायचं.

बँकांचे आकडे फोनवर यायचे. लाइन खरखरायची, पलीकडचा माणूस ओरडायचा, इकडून ही ओरडायची. घसा बसायचा. पण बेरीज जमली की काय समाधान वाटायचं म्हणून सांगू! आता तिथे सगळं आपोआप पडद्यावर येतं म्हणे. येवो बापडं.

तर त्या बेरजेवर पुढचं सगळं. वस्तू तेवढ्याच आणि पैसा मात्र भराभर वाढतोय असं दिसलं, की भाव चढणार. मग वरच्या मजल्यावर समिती बसायची आणि व्याजदर वाढवायची. कर्ज महाग झालं की लोक हात आखडता घेतात, भाव जरा दमानं चालतात. हा निर्णय आधी फुटला तर ज्याला कळला त्याची चांदी आणि बाकीच्यांच्या तोंडाला पानं. म्हणून बैठकीआधीचा आठवडा मुका. दराबद्दल अवाक्षर काढायचं नाही, घरीसुद्धा नाही. त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत जो 'व्याज' हा शब्द उच्चारेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा, असा खोलीचा नियम होता. साहेबांनीच सगळ्यात जास्त वेळा पाजला.

अशाच एका मुक्या आठवड्यातल्या रविवारी ती आईकडे जेवायला गेली होती. पैसा नुसता फुगत चाललाय, हे तिच्याच बेरजेत दिसलं होतं. दर वाढणार, याबद्दल तिला शंका उरली नव्हती. आणि नेमका दादा म्हणाला, "उद्या कर्जाच्या कागदांवर सह्या. मोठी शेड आणि नवं करवत-यंत्र. दर कायमचा बांधून घेता येतो, तो जरा महाग पडतो. नाहीतर बदलता, तो आज स्वस्त आहे."

"भाजीत मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"काही कमी नाही," आई म्हणाली.

दादा हसला. "मुका आठवडा दिसतोय! खा, खा. मी तुला विचारलेलं नाहीये."

त्यानं बदलता दर घेतला. दोनच दिवसांनी दर चढला, आणि मग चढतच गेला. हप्ते फुगले. आधी यंत्र गेलं, मग शेड गेली. दादा पुन्हा घरामागच्या जुन्या पडवीत रंधा मारायला लागला. तिला कधी एका शब्दानं बोलला नाही. हिच्या मनात मात्र ते कायम सलत राहिलं. एक शब्द बोलले असते तर दादा वाचला असता, असं वाटायचं, आणि बोलायला नको होतं हेही पक्कं ठाऊक होतं.

निवृत्तीनंतर एकदा ती त्याच पडवीत बसली होती. दादा खुर्चीला पॉलिश करत होता, वहिनी चहा घेऊन आली. बोलता बोलता ती वहिनीला म्हणाली, "दादानं तेव्हा बांधलेला दर घेतला असता तर..."

"अहो वन्सं, तोच घेणार होते! महिनाभर आधी ठरलं होतं आमचं."

"गप ग," दादा म्हणाला.

"का गप? झाली इतकी वर्षं. सही करायच्या वेळी तो मॅनेजर हसून म्हणाला, 'बांधलेला दर? बरोबर आहे, बहीण वर बसलीय, आतली खबर असणारच!' झालं. यांनी कागद मागे घेतला आणि बदलता दर लिहून दिला. मी भांडभांड भांडले."

आकडेबाई दादाकडे बघतच राहिली. "दादा, अरे, मी तर काहीच बोलले नव्हते!"

"ते मला ठाऊक होतं. त्याला कुठे ठाऊक होतं?" दादा ब्रश फिरवत राहिला. "दर वाढल्यावर त्यानं गावभर केलं असतं. तुझी चौकशी लागली असती."

"निदान मला सांगायचंस तरी!"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी राजीनामा टाकून आली असतीस. तुला काय मी आज ओळखतो?" त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "तू संध्याकाळी घसा बसवून यायचीस ना, बेरीज जमली म्हणून नाचत. शेड काय ग, भाड्यानंही मिळते."

ती उठून दादाच्या पायाशी, लाकडाच्या भुशात बसली आणि लहानपणी रडायची तशी मोठ्यानं रडली.