धार काढणारी

त्या रविवारी आई गोठ्यात धार काढत होती आणि मी उंबऱ्यावर बसून दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करत होते. धाराशिवच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. भूमजवळच्या आमच्या गावी सुट्टीला आले तरी पुस्तक सोबत असतंच.

"उद्या काय शिकिवणार पोरांला?" आईनं मान न वळवता विचारलं.

"डॉटर हा शब्द. म्हणजे लेक. तो आणि संस्कृतातली दुहिता एकाच मुळातून आलेत. जुने पंडित म्हणायचे, दुहिता म्हणजे धार काढणारी. घरातलं दूध काढणं लेकीचं काम, म्हणून."

"खरं हाय का हे?"

"मूळ एक आहे, हे खरं. धारेचं पक्कं नाही. आताचे अभ्यासक म्हणतात, तो नुसता तर्क."

आई हसली. "मंग तू कोण गं आमची? ऐकलंस का भिंगरे, हिच्या पुस्तकात बघितलं तर ही माझी लेकच न्हाय."

भिंगरी म्हणजे आमची म्हैस. लहानपणी मी गोठ्यात गेले की आई मला माघारी पाठवायची. "जा, पुस्तक घे. ह्या शेणात काय ठिवलंय?" पुढे मी जाणंच सोडलं. त्या रविवारी मी पान उलटलं आणि संध्याकाळच्या एसटीनं परतले.

मंगळवारी सकाळी आई गोठ्याच्या दारात कोसळली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं.

नंतरचे दिवस येणाऱ्यांना चहा देण्यात आणि तेच तेच सांगण्यात गेले. पण आई गेली त्या दिवसापासून भिंगरी पान्हा चोरू लागली, धारच देईना. पेंड ठेवली, रेडकू आधी पाजून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. आमच्याकडे धार काढणारं माणूस गेलं की त्याचं लुगडं नेसून बसतात, म्हणजे जनावराला ओळखीचा वास येतो. माझी भावजय दैवशाला तशीही बसली. भिंगरीनं लाथेनं दुधाची चरवी उडवली. कास दगडासारखी झाली होती, हात लावला की चटका बसायचा.

"आक्का, असंच ऱ्हायलं तर सड जातील तिचे," रामहरी म्हणाला. तो माझा धाकटा भाऊ. "उद्या शेजारच्या वाशीचा व्यापारी येतोय. देऊन टाकू."

"आईची म्हैस आहे रे."

"मंग तू काढ धार." म्हणाला आणि लगेच खाली बघायला लागला. झोप त्यालाही नव्हती.

दैवशालानं आईचं लुगडं आणून माझ्या मांडीवर ठेवलं. "ताई, तुमी बसून बघा. तुमचा आवाज आत्याबाईंवानीच हाय. फोनवर कितींदा फसले मी." सासूला, म्हणजे माझ्या आईला, ती आत्याबाई म्हणायची.

मी लुगडं नेसून बसले. सड कसा धरायचा तेही मला येत नव्हतं. तिनं माझी बोटं धरून दाखवली. "वडू नका, दाबा. अन् बोलत ऱ्हावा. आत्याबाई कधी गप बसल्याच न्हाईत हितं."

आई भिंगरीशी रोज काय बोलायची, ते मला आठवेना. तेव्हा मी वाचत असायचे. सुचेल ते बोलू लागले. एसटीला गर्दी होती. ऊन वाढलंय. परीक्षा जवळ आल्या, पोरांचं काही वाचून झालेलं नाही.

"परीक्षेचं काय सांगताव तिला? पास व्हायचंय का तिला?" दैवशाला म्हणाली. रामहरीला हसू आलं. इतक्या दिवसांत घरात कुणीतरी पहिल्यांदा हसलं.

भिंगरीचा कान हलला. एक बारीक धार चरवीच्या बुडावर वाजली आणि थांबली.

"थांबू नका ताई. बोला."

बोलायला काही उरलं नव्हतं. हात दुखत होते. मी भिंगरीच्या कुशीला कपाळ टेकलं.

"आई," मी म्हणाले, "तू पुस्तकाकडं पाठवायचीस, तेव्हा मला तुझ्यापाशी बसायचं असायचं. वाचायचंही होतं गं. पण आधी तुझ्यापाशी बसायचं होतं."