वीस लिटरचा कॅन

फाउसालेच्या पोलीस ठाण्यात चार माणसांची जागा होती आणि माणूस एकच होता. चौघांतला एक निवृत्त झाला, त्याच्या जागी कुणी आलं नाही. दुसऱ्याची बदली राजधानीला, होनिआराला झाली. तिसरा प्रशिक्षणासाठी म्हणून होनिआराला गेला, आणि काय शिकत होता देव जाणे, तीन वर्षं झाली तरी त्याचं शिकणं संपलं नव्हतं. उरला अ‍ॅलिक. वय त्रेपन्न, नोकरी एकोणतीस वर्षांची, उजवा गुडघा अधू. सार्जंट तोच, शिपाई तोच, आणि सकाळी ठाण्यापुढचं अंगण झाडणाराही तोच.

ठाण्याला बोट होती. कुठल्याशा परदेशी मदतीतून आलेली, फायबरची, चांगल्या इंजिनाची. फक्त त्या इंजिनात घालायला पेट्रोल नव्हतं. मुख्यालयाला पत्र लिहिलं की उत्तर यायचं, पुढच्या जहाजानं पाठवतो. सरकारी काम आणि सहा महिने थांब. जहाज दर गुरुवारी यायचं. त्यातून तांदूळ यायचा, डब्यातले मासे यायचे, दुकानदाराचं पेट्रोलही यायचं, ठाण्याचं पिंप तेवढं यायचं नाही.

म्हणून फाउसालेत एक रीत पडली होती. ती कुठं लिहिलेली नव्हती, पण लहानथोर सगळ्यांना पाठ होती. ज्याला पोलीस हवा, त्यानं पेट्रोल आणायचं. जवळच्या गावांना दहा लिटर, खाडीपलीकडच्या सुलाक्वाला वीस. कॅन ठाण्याच्या पायरीवर ठेवायचा, मग अ‍ॅलिक टोपी घालायचा. ज्याच्या हाती ससा तो पारधी, तसा फाउसालेत ज्याच्या हाती कॅन तो फिर्यादी. एकदा डुकराच्या भांडणात दोघे भाऊ एकेक कॅन घेऊन आले, तेव्हा अ‍ॅलिकनं जाताना थोरल्याचं जाळलं आणि येताना धाकट्याचं. त्यावर सगळी खाडी वर्षभर हसत होती. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नसे, अ‍ॅलिकलाही नाही.

बोट येण्याआधीचा म्हातारा सार्जंट डोंगरावरच्या पायवाटेनं सुलाक्वाला चालत जायचा. चार-पाच तासांची वाट. बोट आली आणि पोलिसाच्या पायाची ती वाट सुटली. बाया मात्र अजून तिनंच ये-जा करत होत्या.

नेस्ताही त्याच वाटेनं आली. सोमवार होता, सकाळचे नऊ वाजून गेले होते. ती अ‍ॅलिकच्या आईच्या गावची, सुलाक्वाची, म्हणून त्याला काका म्हणायची. तीस-एकतीस वर्षांची असेल. ओठ फाटलेला, डावा डोळा सुजून मिटलेला, आणि खांद्यावर वल्ह्याच्या पात्याएवढा काळानिळा पट्टा. ती पायरीशी उभी राहिली. अ‍ॅलिकनं खराटा भिंतीला टेकवला, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पेट्रोल आणलंस?"

याच अ‍ॅलिकनं चार वर्षांपूर्वी होनिआरात दोन आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलं होतं. घरात मार खाणाऱ्या बाईशी पोलिसानं कसं वागावं, याचं. शिकवणाऱ्या बाई ऑस्ट्रेलियाहून आल्या होत्या. त्यांनी रोज सकाळी वर्गाकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती: बाई दारात आली की पहिला प्रश्न हा, आत्ता तुझ्या जिवाला धोका आहे का? अ‍ॅलिक परीक्षेत पहिला आला होता. त्याचं प्रमाणपत्र टेबलामागच्या भिंतीवर, वाळवीपासून वाचवायला प्लास्टिकमध्ये घालून लावलेलं होतं. आणि तोंडातून आला तो रोजचा प्रश्न. सवय ती सवय.

नेस्तालाही त्यात काही नवल वाटलं नाही. नाही आणलं, म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं. नवरा हेन्सली आधी दारू प्याल्यावर मारायचा, आता शुद्धीत मारतो. काल रात्री वल्ह्यानं मारलं आणि सांगितलं, पुन्हा आईकडे गेलीस तर जीव घेईन. तो बोलतो तसं करतो, काका, ती म्हणाली. तुम्ही या आणि त्याला इथं आणून ठेवा.

अ‍ॅलिकनं तिला बसवलं, पाणी दिलं. फाउसालेच्या दुकानातलं पिंप शनिवारीच संपलं होतं, म्हणजे गुरुवारच्या जहाजापर्यंत खाडीच्या या अख्ख्या बाजूला थेंब नव्हता. गुरुवारपर्यंत इथंच राहा, तो म्हणाला, माझ्या घरी. पण तिची मुलगी तिकडे होती, चार वर्षांची, शेजारणीकडे ठेवलेली. मुलीला सोडून ती राहणार नव्हती.

मग तिलाच आठवलं. "घरी आहे की पेट्रोल. चुलीच्या मागं भरलेला कॅन आहे, पिवळा. शनिवारी बाजाराला बोट न्यायची म्हणून ठेवलाय त्यानं."

"आणि तो कुठंय?"

"होडी वल्हवत बाहेरच्या खडकाकडे गेलाय, मासे धरायला. अंधार पडल्याशिवाय येत नाही." मग ती म्हणाली, "त्याचंच पेट्रोल, काका, आणि त्यालाच धरायला."

यावर अ‍ॅलिक हसला. तीही हसली, फाटक्या ओठावर बोटं धरून. पुढं ते हसणं त्याला विसरता आलं नाही.

बेत ठरला. तिनं दुपारपर्यंत घरी पोचायचं, मुलीला आणि कॅनला घ्यायचं, वाटेतल्या बागेतल्या झोपडीत रात्र काढायची आणि मंगळवारी सकाळी फाउसालेला यायचं. मग अ‍ॅलिक बोट काढणार. त्यानं तिला दोन उकडलेली रताळी आणि चार सुपाऱ्या बांधून दिल्या. दहा वाजता ती डोंगराच्या वाटेला लागली. अ‍ॅलिकनं उरलेलं अंगण झाडून टाकलं.

बायको जॉयस दुपारी बागेतून परतली तेव्हा त्यानं तिला ही हकिकत सांगितली, पेट्रोलच्या गमतीसकट. जॉयस हसली नाही. पाठीवरची टोपली तिनं खाली ठेवली.

"एकटीच पाठवलीस?"

"मग काय करू? बोट नको का?"

जॉयसनं कंद धुवायला घेतले. अ‍ॅलिक जरा चिडलाच. ठाणं उघडं टाकून जाता येत नाही, एकट्या पोलिसानं गुन्हेगार धरायला जाऊ नये असा नियम आहे, गुडघा हा असा, हे सगळं त्यानं तिला सांगितलं. सगळं खरंच होतं. पण खरं कारण यातलं एकही नव्हतं. चालत जाता येईल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मंगळवारी तो सकाळपासून पायरीवर बसून राहिला. आठ वाजले, दहा वाजले. डोंगराच्या वाटेवर कुणी दिसेना. अकराच्या सुमाराला आवाज आला तो समुद्राकडून. वल्ह्याची होडी होती, आत सुलाक्वाचे दोघे. पुढचा म्हातारा गावचा प्रमुख. पहाटेपासून वल्हवून त्यांचे हात सोलले होते. प्रमुख उतरला, होडीतून त्यानं कॅन उचलला, वाळू तुडवत वर आला आणि तो पायरीवर ठेवला.

"पेट्रोल आणलंय," तो म्हणाला.

कॅन पिवळा होता.

अ‍ॅलिक पायरीवर बाजूला सरकला. प्रमुखानं मग खाली बसून सांगितलं. काल दुपारी वारा उठला, म्हणून हेन्सली लवकर परतला. घरात बायको नाही, पोर नाही, चुलीमागं कॅन नाही. तो डोंगराच्या वाटेनं धावला. नेस्ता ओढ्यापर्यंत पोचली होती, पोर कडेवर आणि कॅन डोक्यावर. बागेतल्या दोन बायांनी पलीकडच्या उतारावरून पाहिलं. त्या ओरडल्या, टाक तो डबा, पळ. डबा टाकला असता तर सुटली असती. पुढच्या वळणावर बागा होत्या, माणसं होती. तिनं पोरीला खाली ठेवलं, झाडीत ढकललं, पण कॅन सोडला नाही. धापा टाकत एवढंच ओरडली, हा नसला तर ते यायचे नाहीत. बायांनी ऐकलं.

"आम्ही पोचलो तेव्हा संपलं होतं," प्रमुख म्हणाला. "पोर बरी आहे. त्याला बांधून ठेवलंय, पळाला नाही. म्हटलं, तुम्हाला बोलवायचं तर पेट्रोल लागणार. हेच होतं."

अ‍ॅलिकनं कॅनचं झाकण उघडलं. पेट्रोल टाकीत ओतताना प्रमुखानं कॅनचं बूड धरलं. एक थेंब सांडला नाही. तासाभरात ते सुलाक्वाला पोचले, एवढंच अंतर होतं समुद्रातून. हेन्सली नारळीला बांधलेला होता आणि रडत होता. अ‍ॅलिकनं बेड्या घातल्या, कागद केले, ओढ्याशी जाऊन रक्त पाहिलं, जे जे शिकवलं होतं ते ते सगळं बरोब्बर केलं. परतताना टाकी खडखडीत होत आली होती, पण पुरली. वीस लिटरमध्ये जाऊन-येऊन होतं, हा हिशेब कधीच चुकला नव्हता.

बुधवारी मुख्यालयाची वेगवान बोट आली. चार अधिकारी, फोटो काढणारा एक, आणि पेट्रोलनं काठोकाठ भरलेलं मोठं पिंप. वरातीमागून घोडं. अधिकाऱ्यांनी आरोपी नेला, प्रमाणपत्राकडे पाहून अ‍ॅलिकची पाठ थोपटली, आणि इथं अजून एक माणूस द्यायला हवा असं म्हणून गेले. पिंप पायरीशेजारी राहिलं. अ‍ॅलिकला त्याच्याकडे बघवेना, म्हणून जॉयसनं त्यावर जुनी चटई टाकली.

पुढच्या सोमवारी त्यानं गुडघ्याला पट्टी बांधली. सुलाक्वाला जाऊन नेस्ताच्या आईला भेटायचं होतं. जॉयसनं दुखवट्याला देतात ती शिंपल्यांची माळ फडक्यात गुंडाळून त्याच्या पिशवीत ठेवली. बोटीची किल्ली खिळ्यावर लटकलेली होती. ती तशीच ठेवून तो दहा वाजता निघाला.

चढणीला गुडघ्यानं जीव काढला. दोनदा बसावं लागलं. ओढ्याशी तो तिसऱ्यांदा थांबला. तिथं कुणीतरी नेस्ताच्या आठवणीला लाल पानांची झुडपं लावली होती. अ‍ॅलिकनं टोपी काढली. प्रार्थनेचे शब्द त्याला सुचेनात, म्हणून तो नुसताच रडला, आणि ओढ्याच्या पाण्यानं तोंड धुऊन पुढं निघाला. सुलाक्वाची पहिली झोपडी दिसली तेव्हा त्यानं घड्याळ पाहिलं. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. बागेतल्या बायांनी जबाबात सांगितलं होतं, त्या दिवशी हेन्सलीची होडी काठाला लागली तेव्हा तीन वाजून गेले होते.

नेस्ताची आई सालोमे ओट्यावर तारोचे कंद सोलत बसली होती. नात तिच्या पाठीला चिकटून उभी होती. म्हातारीनं अ‍ॅलिकला पाहिलं, मग त्याच्या मागं समुद्राकडे पाहिलं. किनारा रिकामा होता.

"बोट दिसत नाही," ती म्हणाली.

"चालत आलो, आई."

सालोमेनं सुरी खाली ठेवली. त्याच्या चिखलानं भरलेल्या पायांकडे तिनं पाहिलं.

"आज चालत आलास," ती म्हणाली.

मग तिनं चटई त्याच्याकडे सरकवली आणि नातीला पाणी आणायला सांगितलं. अ‍ॅलिक उभाच राहिला.