ऑगस्टमधले चौदा फोटो

वजन : तीनशे ऐंशी ग्रॅम.

प्रमोदिनीबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला आणि कॉम्प्युटरवरचा कागद पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला. पुण्यातल्या एका प्रसूतिगृहाच्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो होता तो. तारीख नऊ ऑगस्ट. पेशंटचं नाव ऋजुता हृषीकेश टेंबे. त्यांची सून. एकवीस आठवडे. पुढे चार इंग्रजी अक्षरं : आययूएफडी.

ती अक्षरं त्यांना कुणी उलगडून सांगायची गरज नव्हती. इंदूरच्या एका सरकारी दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली होती. मूल पोटातच गेलं की डॉक्टर केसपेपरवर ती चार अक्षरं लिहीत आणि प्रमोदिनीबाई रजिस्टरमध्ये उतरवून घेत. शेकड्यांनी उतरवली असतील. हात कधी अडखळला नव्हता. आज माउसवरून हात उचलता येत नव्हता.

खालच्या रकान्यात लिहिलं होतं, मुलगी.

नोव्हेंबरातला रविवार होता, सकाळचे साडेनऊ. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या त्या घरात टीव्हीखालच्या काळ्या पेटीची घरघर तेवढी चालू होती.

ती पेटी आली श्रीपादरावांमुळे. सहा वर्षांपूर्वी प्रमोदिनीबाईंचे यजमान झोपेतच गेले आणि त्यांच्या फोनचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. शेवटच्या चार वर्षांतले सगळे फोटो त्या फोनमध्ये राहिले ते राहिलेच. त्याचा हृषीकेशने धसका घेतला. पुढच्याच सुट्टीत त्याने ती पेटी आणून बसवली. आत दोन हार्ड डिस्क, सोळा सोळा टीबीच्या.

"आई, आपल्या तिघांच्या फोनमधले फोटो आपोआप इथे येणार," तो म्हणाला होता. "एक डिस्क खराब झाली तरी दुसरीत सगळं असेल. फोनमधून उडवलं ना, तरी इथून नाही जाणार. तुला काहीच नाही करायचं. बस, हिरवा लाइट लागलाय का बघत जायचं."

लाइट बघून प्रमोदिनीबाईंचं भागणार नव्हतं. हजारो फोटो नुसते ढिगासारखे पडलेले त्यांना बघवेनात. दर रविवारी त्या बसत, महिन्यामहिन्याचे फोल्डर करत. लग्नं वेगळी, प्रवास वेगळे, बिलांचे आणि हॉटेलातल्या थाळ्यांचे फोटो शेवटी. काम नेहमीच तीन महिने मागे असायचं. म्हणून ऑगस्ट आज उघडला होता.

त्यात पुण्याहून मुलाच्या आणि सुनेच्या फोनमधून आलेले चौदा फोटो होते. नऊ सोनोग्राफीचे. एकात पिवळे लोकरीचे मोजे, बाजूला अंदाज यावा म्हणून ठेवलेली आगपेटी. एकात आरशासमोर उभी असलेली ऋजुता, कुर्ता पोटावर घट्ट धरून. मग दवाखान्याचा कॉरिडॉर, हे कार्ड, आणि शेवटचा एक. तो बघून त्यांनी कॉम्प्युटर बंद केला.

नऊ ऑगस्ट. त्या मनात दिवस मोजू लागल्या. त्यानंतर दोनच दिवसांनी शेजारच्या स्मिताच्या नातवाचं बारसं होतं. तिथून आल्या आल्या त्यांनी ऋजुताला फोन लावला होता. "अगं, सगळ्या पूछत होत्या, तुमच्याकडे कधी? मी काय सांगू लोकांना?" ऋजुता म्हणाली होती, "बघू, आई." तिचा आवाज बसलेला होता. सर्दी झाली असेल असं त्यांना वाटलं होतं. वर त्यांनी आल्याचा काढा घ्यायला सांगितलं होतं.

गणपतीला दोघं आले नाहीत. हृषीकेश म्हणाला, व्हायरल आहे.

त्या रविवारी संध्याकाळी हृषीकेशचा नेहमीसारखा फोन आला. "काय आई, लाइट हिरवा आहे ना?"

"आहे बेटा," त्या म्हणाल्या. त्यांनी लगेच फोन ठेवून दिला. रेकॉर्ड रूममध्ये पहिल्याच दिवशी हेडक्लार्क असलेल्या मोठ्या बाबूंनी सांगितलं होतं, इथे वाचलेलं इथेच ठेवायचं. एकतीस वर्षं त्यांनी ते पाळलं होतं. पण तेव्हा कागदावरची नावं दुसऱ्यांची असायची.

दोनदा त्यांनी ते फोटो काढून टाकायचं ठरवलं. दोन्ही वेळा नुसत्या बघत बसल्या आणि उठल्या.

डिसेंबरात नात्यातल्या एका लग्नासाठी दोघं इंदूरला आले. दुसऱ्या दिवशी दुपारी हृषीकेश मित्राकडे गेला. सासू-सुना स्वयंपाकघरात गराडू सोलत बसल्या होत्या. ऋजुता सांगलीची; हा कंद तिने लग्नानंतरच पाहिला होता. सोलताना हाताला खाज सुटू नये म्हणून प्रमोदिनीबाईंनी तिला तेल लावून दिलं होतं. ती वाळली होती. बोलत होती, हसतही होती, पण मध्येच हातातली सुरी थांबायची आणि तिला ते कळायचं नाही.

"ऋजुता, मला तुझ्याशी बोलायचंय," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "मी ऑगस्टचे फोटो बघितले."

"कुठले?"

"दवाखान्यातले. त्या पेटीत आले होते."

ऋजुताने सुरी खाली ठेवली. "तुम्ही आमचे फोटो उघडून बघता?"

"बघते गं. फोल्डर लावायचे म्हणून. मला अकल यायला पाहिजे होती की तुम्ही दोघं तिकडे संसार करता, सगळंच मी बघायचं नसतं. चुकली मी."

"कधी बघितलेत?"

"दिवाळी झाल्यावर."

"म्हणून तुम्ही विचारायचं बंद केलंत." ऋजुता उठून ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. "आम्ही गणपतीला येऊन सांगणार होतो, आई. पाचवा सरल्यावर, समोरासमोर. आणि तुमचा तो फोन आला तेव्हा मला दूध येत होतं. बाळ नाही, आणि दूध येत होतं."

प्रमोदिनीबाईंनी तोंडावर हात ठेवला. माफी मागायची म्हणून महिनाभर मनाशी जुळवलेलं एकही वाक्य त्यांना आठवेना. "मला माहीत नव्हतं बेटा," एवढंच कसंबसं बाहेर आलं.

ऋजुताने ठिबकणारा नळ घट्ट बंद केला. मग ऋजुता एकदम वळली.

"आले होते म्हणजे? अजून आहेत?"

"हो."

"मी घरी आल्यावर सगळं डिलीट केलं होतं. हृषीलाही करायला लावलं. मोजेसुद्धा देऊन टाकले. नकोच होतं काही." ती भराभरा बोलत होती. "आता महिनाभर गुपचूप शोधतेय. ईमेल, जुना फोन, सगळीकडे. मला वाटलं, फोनमधून गेले म्हणजे पेटीतूनही गेले. ती होती हे दाखवायला माझ्याजवळ काही म्हणजे काही नाही, आई. खरंच आहेत?"

"दोन्ही डिस्कवर आहेत. चौदाच्या चौदा."

ऋजुता तेलाच्या हातांनी तशीच बाहेर निघाली. प्रमोदिनीबाईंनी तिला दारात धरलं.

"थांब. शेवटचा फोटो हृषीच्या फोनमधला आहे. नर्सने काढला असेल. त्याच्या हातात... दुपट्यात गुंडाळलेली. चेहरा दिसतो तिचा. तुला बघायचं नसेल तर मी तो बाजूला करते."

ऋजुता दारातच थांबली.

"मी बघायला नाही म्हटलं होतं," ती हळूच म्हणाली. "डॉक्टरांनी दोनदा विचारलं. मी भिंतीकडे तोंड केलं. हृषीपण बाहेरच थांबला असं मला वाटत होतं. त्याने तिला घेतलं होतं?"

"घेतलं होतं. नीट, मानेखाली हात देऊन."

प्रमोदिनीबाईंनी तिचे हात स्वतःच्या पदराने पुसले. खुर्ची ओढून दिली, फोल्डर उघडून दिला आणि त्या मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. ऋजुताने घाई केली नाही. एकेक फोटो बघत ती शेवटच्यापाशी आली आणि थांबली. तिच्या घशातून एक आवाज आला, रडण्यासारखा नव्हे, ठेच लागल्यावर येतो तसा. मग तिने स्क्रीनच्या जवळ तोंड नेलं.

"कान हृषीसारखे आहेत," ती म्हणाली.

"हो. मीपण ते बघितलं."

पुष्कळ वेळाने ऋजुताने विचारलं, "याला नाव बदलता येतं?" फोल्डरवर नुसतं 'ऑगस्ट – दवाखाना' असं लिहिलेलं होतं. प्रमोदिनीबाईंनी कसं बदलायचं ते दाखवलं. ऋजुताने जुनी अक्षरं पुसली आणि दोन नवीन टाइप केली.

उर्वी.

आपल्या नातीचं नाव ठरलेलं होतं, हे प्रमोदिनीबाईंना तेव्हा कळलं.

बाहेर स्कूटर थांबली. ऋजुता हलली नाही. प्रमोदिनीबाईंनी जाऊन दार उघडलं. हातात शेवेचं पुडकं घेतलेला हृषीकेश, "आई, चहा टाक यार, काय थंडी आहे," म्हणत एका पायावर उभा राहून बूट काढत होता.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "ऋजुता आत बसलीय. उर्वीजवळ."

हृषीकेश एक बूट हातात धरून तसाच उभा राहिला. प्रमोदिनीबाईंनी त्याच्या हातातून आधी शेवेचं पुडकं घेतलं, मग बूट घेतला, आणि त्याला आत जाता यावं म्हणून त्या दारातून बाजूला झाल्या.