झेंडूच्या हारातली सरस्वती

पंचवटीतल्या त्या मंगल कार्यालयात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर वाणीमहाराज एकेका रोग्याच्या गळ्यात झेंडूचा हार घालत, कंठाला अंगठा लावत आणि गरजत, "सरस्वती जिभेवर उतरली! बोल, बाळा!" की कालपर्यंत पुटपुटणारा माणूस सभागृह दणाणून सोडी.

"लय जागृत हाय बाबा," नवऱ्याला घेऊन नांदगावहून आलेल्या धोंडाबाई शेजारच्या कुसुमताईंना म्हणाल्या.

कुसुमताईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांचे पती उपेंद्रशास्त्री गोदाकाठी यात्रेकरूंना खणखणीत आवाजात संकल्प सांगत. पार्किन्सन्सने तो आवाज पार बारीक केला. स्पीच थेरपिस्ट योगिनी व्यायाम शिकवायची, पण गुण सावकाश येत होता. "आधी गोळ्या बंद, मग कृपा," असं महाराजांनी बजावलेलं. म्हणून सकाळची गोळी चुकवलेली. आता शास्त्रीबुवांचं पाऊलही उचलत नव्हतं. आपण हे काय करून बसलो?

सेवकांनी त्यांना धरून व्यासपीठावर नेलं आणि गळ्यात हार पडला. "जय गुरुदेव!" शास्त्रीबुवांचा आवाज छताला भिडला. टाळ्यांचा कडकडाट! कुसुमताई डोळे पुसत त्यांना उतरवायला धावल्या. सेवक हार काढणार, तोच शास्त्रीबुवा बायकोच्या कानाशी लागले, "अगं, मला लघवीला जायचंय."

ते सगळ्या सभागृहाने ऐकलं.

हशा पिकला. कुसुमताई हसल्या नाहीत. एवढीशी कुजबुज भोंग्यातून कशी आली? त्यांनी हार घट्ट धरला, फुलं चाचपली. आत इवलासा माइक!

"माते, ते दैवी तेजाचं यंत्र..." महाराज सारवासारव करू लागले.

"मग बंद करा आणि यांना बोलतं करा!"

"आमच्या मालकांनाबी बिनहाराचं बोलवा!" धोंडाबाई ओरडल्या.

महाराजांचीच वाचा बसली.

बाहेर येताच कुसुमताईंनी डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे गोळी दिली. दुसऱ्या दिवशी योगिनीपुढे त्यांना रडू फुटलं.

"काकू, या आजारात आवाज लहान होतो आणि बोलणाऱ्याला वाटतं, आपण नीटच बोलतोय," योगिनी म्हणाली. "म्हणून मुद्दाम मोठ्यानं बोलायची सवय लावायची. आजार जाणार नाही, पण बोलणं सुधारतं. काका, म्हणा, आऽऽ..."

शास्त्रीबुवांनी छाती भरून स्वर लावला. तो थरथरला, पण दारापर्यंत पोचला. दारात धोंडाबाई नवऱ्याचा हात धरून उभ्या होत्या; काल कुसुमताईंकडूनच त्यांनी पत्ता घेतला होता.

"ताई, इथं हार घालत्यात का?"

"नाही," कुसुमताई म्हणाल्या, "इथं रोज मेहनत करावी लागते. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर तो कसा झाला हे विचारल्याशिवाय हात जोडू नका. बसा."