चूलबंद आवतन

आसेगावात वैभवी दिवसभर गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून लॅपटॉपवर काय करते, हे गावाला कधी कळलं नाही. खरं सांगायचं तर गावानं तिला कधी विचारलंही नाही. मोबाइलला रेंज टाकीजवळच येते म्हणून ती तिथं बसायची, इतकी साधी गोष्ट. पण गाव ते गाव. पुण्याची नोकरी सुटली असेल, कुठं जमलेलं मोडलं असेल, असं काहीबाही बोलून लोक आपापल्या कामाला लागले.

ती करत होती ते असं. पुण्यातल्या एका संस्थेच्या मोठ्या संगणकात तिनं विश्वाचा एक तुकडा रचला होता. त्यात वायू भरायचा, गुरुत्वाकर्षण लावायचं आणि काळ अब्जावधी वर्षं पुढं पळवायचा. वायू गोळा होतो, तारे पेटतात, ताऱ्यांच्या दीर्घिका होतात. त्यातला एखादा दांडगा तारा मरतो तेव्हा गॅमा किरणांचा असा झोत सुटतो, की काही क्षण सगळं आकाश त्याच्यापुढं फिकं पडावं. असे स्फोट कुठल्या दीर्घिकांत होतात, हा तिच्या पीएचडीचा विषय. खऱ्या आकाशात दुर्बिणींना ते बहुतेक बारक्या, अंधुक, कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या दीर्घिकांत सापडलेले. वैभवीच्या संगणकात मात्र जो तो स्फोट थोराड दीर्घिकेत व्हायचा. कुठंतरी चूक होती आणि वर्षभर ती हाती लागत नव्हती.

चूक सापडली की प्रबंध पुरा, आणि प्रबंध पुरा झाला की जर्मनीतली एक जागा तिची. पण खाली घरात तिचे वडील, मारोतराव, एकटे. आई जाऊन तीन वर्षं झालेली. त्यांना टाकून जायचं कसं, हे तिला ठरवता येत नव्हतं. त्यामुळं चूक सापडत नाही याचं तिला आतून थोडं बरंही वाटायचं. ही गोष्ट तिनं कोणाला सांगितली नव्हती. सांगायला होतं तरी कोण?

जेवणाचा डबा पलीकडच्या आळीतून, वडिलांच्या धाकट्या भावाच्या, धनराजकाकाच्या घरून यायचा. आई गेल्यापासून मारोतरावांचा, आता दोघांचा. घरातली गॅसची शेगडी आईनं झाकली होती तशीच झाकलेली.

गावातल्या सतीशच्या मुलीच्या लग्नाचा दिवस. मारोतराव सकाळीच आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून दारापुढच्या ओट्यावर बसले. भूक लागली तशी वैभवी खाली आली.

"बाबा, डबा नाई आला?"

"आज कायचा डबा? काकाच्या घराले लग्नाचं चूलबंद आवतन हाय."

चूलबंद आवतन म्हणजे घरातल्या झाडून सगळ्यांनी जेवायला यायचं, त्या दिवशी घरची चूल पेटवायचीच नाही. आणि अन्न तयार झालं की घरोघरी पुन्हा बलावणं येतं, तेव्हा उठायचं. न बोलावता पंगतीत जाऊन बसायला माणसाला काही लाज आहे की नाही?

गावात घरोघरी आवतनं सांगणारा लखन बलावणं करत आलाच. शेजारच्या दारात थांबला, समोरच्या दारात थांबला. यांच्या ओट्याजवळ येऊन "राम राम काका" म्हणाला आणि पुढं गेला.

"बाबा, त्यानं आपल्याले काहून नाई म्हटलं?"

"कोनीच नाई म्हनत. तुही माय गेल्यापासून." मारोतरावांच्या आवाजात राग नव्हता. "आवतन चुलीले असते पोरी. लोकाईले वाटते मी धनराजच्यात. धनराजले वाटते माह्यं घर वेगळं, मले वेगळं आलं असन. कोनाचं चुकलं नाई त्याच्यात."

"अन् तुमी तयार होऊन बसता?"

"आलंच एखाद्या वेळी तर."

वैभवी चिडली. लखनवर, बापावर, अख्ख्या आसेगाववर. पण घरात शिजवलेलं काही नव्हतं, म्हणून दोघांनी मुरमुऱ्यात तेल-तिखट कालवलं. पहिलाच घास तिच्या हातात राहिला.

तिच्या प्रोग्राममध्येही असाच एक नियम होता. ज्या दीर्घिकेत तारे फार थोडे, ती मोजायची नाही. थोराड दीर्घिकांवर काम करणाऱ्या एका सीनियरनं तो घातला होता, आणि हिनं तो आयता उचलला होता. बारक्या दीर्घिका तिच्या संगणकात होत्याच. त्यांच्यात तारे पेटत होते, मरतही होते, आणि ती लखनसारखी राम राम करून पुढं जात होती.

ती वर गेली. नियम काढला. बारक्या दीर्घिका अधिक बारकाईनं पुन्हा घडवल्या. पावसाळा लागेपर्यंत काम चाललं, आणि मग त्यांच्यात एकामागून एक स्फोट व्हायला लागले, अगदी खऱ्या आकाशातल्यासारखे. पुण्याहून सरांचा फोन आला, जमलं म्हणून. तिला आनंद झाला, नाही असं नाही. पण टाकीआड बसून ती रडली. आता जायला लागणार होतं.

"जा ना," मारोतराव म्हणाले. "म्या कुठं धरून ठेवलं तुले?"

जायच्या आधी तिनं एक केलं. काकूला, मनकर्णाबाईला, डबा बंद करायला सांगितलं. काकू भडकलीच.

"लोक काय म्हनतीन व माय? घरातल्या मोठ्या मानसाले उपाशी ठेवलं म्हनतीन."

वैभवीनं ऐकलं नाही. शेगडीवरचा कपडा काढला आणि बापाला कुकर लावायला शिकवला. मारोतराव कुकरला इतके भ्यायचे, की शिट्टी झाली की बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहायचे. मग तिनं लखनला गाठून सांगितलं, की आता आमच्या घरी चूल पेटते, आवतन देत जा. "देऊ ना, त्यात काय," लखन म्हणाला.

जर्मनीत थंडी पडली. तिच्या खोलीतून एक झाड आणि सायकलींची रांग दिसायची. तिच्याशी बोलणारं असं तिथंही कोणी नव्हतं. रविवारी ती घरी फोन करायची.

"आज काय केलं जेवाले, बाबा?"

"आज कायले करू? चूलबंद आवतन हाय, रतनसिंगच्या घरचं." मारोतराव खुशीत होते. "लखन आलता. आपल्या ओट्याजवळ थांबला, म्हने काका, चूलबंद बरं का."

 किती महिन्यांनी वैभवीला कोणाला तरी मिठी मारावीशी वाटली.

"काय हाय पंगतीत?"

"वांग्याची भाजी, पोया, बुंदी. ठेवू का आता? बलावणं येऊन राह्यलं."

तेवढ्यात त्यांच्यामागं कुकरची शिट्टी झाली.

 शिट्टी लांबलचक वाजली आणि विरली.

"जा बाबा," वैभवी म्हणाली. "पंगत बसली असन. जाता जाता गॅस तेवढा बारीक करा."

"करतो," मारोतराव म्हणाले.