उत्तरेकडच्या पागोळ्या

आमच्या चर्चची उत्तरेकडची भिंत पाडून तिकडे आणखी एक दालन काढायचं, हे जर्व्हिस टॉलीच्या डोक्यातून निघालं. लोकरीचा व्यापारी, चर्चचा कारभारी, आणि मेल्यावरही चारचौघांत पुरून घ्यायची तयारी नसलेला माणूस. त्याला थडगं आत हवं होतं, वर रंगीत काचांची खिडकी, आणि काचेत गुडघे टेकलेला तो स्वतः. पैसा कमी पडला की आमच्याकडे चर्चसाठी जवाची दारू काढतात, सगळा गाव ती विकत घेऊन पितो आणि त्यातून दगड येतात. ती दारू मी काढते. म्हणजे त्या भिंतीत माझाही वाटा आहे, आणि मी बोलणार.

त्याच उत्तरेच्या भिंतीखाली गावातल्या एमट नावाच्या बाईचं बाळ पुरलेलं होतं. ते जन्मलं तेच न रडता. बाप्तिस्मा व्हायच्या आधीच गेलेल्या पोराला पवित्र मातीत जागा नाही, स्वर्गात तर नाहीच. म्हणून आमच्या बायका असं मूल गुपचूप चर्चच्या वळचणीखाली पुरतात. देवाच्या छपरावरून पागोळ्या पडतात, पडणाऱ्या प्रत्येक पावसात त्याचा थोडाथोडा बाप्तिस्मा होत राहतो. पाद्री तिकडे बघत नाही. एमटला दुसरं मूल झालं नाही. पाऊस आला की ती दारात उभी राहून चर्चकडे बघायची आणि तिचा चेहरा निवायचा.

पाया आखला त्या दिवशी ती जर्व्हिसच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"मालक, तिथं माझं बाळ आहे."

"असं? नाव काय त्याचं?"

बाप्तिस्मा नाही, तर नाव कुठलं?

"नाव नाही म्हणजे कुणी नाहीच की तिथं!" तो म्हणाला, आणि मजूर खो खो हसले. एमट मात्र तोंड वासून तशीच उभी राहिली.

मग जर्व्हिसचा सूर एकदम मऊ झाला. तो मऊ बोलायला लागला की मी घरातली भांडी मोजून घेते.

"रडू नको गं. नव्या भिंतीला छप्पर नसणार आहे का? उन्हाळाभर चुना कालव, पाणी वाहा, मजुरी मागू नको. भिंत झाली की उचल तुझं पोर आणि ठेव नव्या वळचणीखाली. जागा तू निवड."

एमटने त्याचे हात धरले. पाया खणायच्या आधी तिने स्वतः हाडं काढली. ती काय, मूठभर. घरी चुलीपाशी मडक्यात ठेवली. मग उन्हाळाभर ती चुन्यात राबली. बोटांची सालपटं निघाली, दारूचा पेला धरता येईना. थर्स्टन पाथरवट कामातून मान वर करून तिच्याकडे निरखून बघायचा.

"बाई, त्या दिवशी मालकांसमोर तोंड वासलं होतं ना, तसं वासा बघू एकदा."

"कशाला रे?"

"आवडलं मला."

मी त्याला म्हटलं, "बायको नाही का तुला घरी?" तो हसला. मला वाटलं, मेला चावट आहे. चावट असता तर बरं झालं असतं.

भिंत उभी राहिली. एमटने तिच्या अगदी बुडाशी बाळ ठेवलं, वरून माती सारखी केली, आणि पावसाची वाट बघत बसली. नव्या भिंतीवरचं छप्पर शिशाच्या पत्र्याचं होतं, तसं गावात तोवर कुणी पाहिलं नव्हतं. छप्पर म्हटलं की पागोळ्या आल्याच, एवढंच आम्हाला ठाऊक. वर दगडी कठडा दिसत होता, त्याच्या आत पन्हळ आहे हे खालून कसं कळणार? ते थर्स्टनला माहीत होतं, आणि जर्व्हिसला.

पाऊस आला. आम्ही सगळे बघायला गेलो, जर्व्हिस तर बायकोला घेऊन आला होता. भिंतीचं बूड कोरडं ठणठणीत. सगळ्या छपराचं पाणी एकाच ठिकाणी गोळा होऊन कठड्यातून पुढे काढलेल्या एका कोरीव दगडी तोंडातून भिंतीपासून लांब, पायवाटेच्या फरशीवर पडत होतं. ते तोंड एमटचं होतं. तेच वासलेलं, तेच डोळे. शेजारची पोरं ओरडली, "एमट ओकतेय! एमट ओकतेय!"

"फरशी उचलू दे मालक, तिथं ठेवते त्याला," ती म्हणाली.

"माझ्या बायकोच्या पायाला चिखल लागू नये म्हणून घातलीय ती."

एमटने धारेखाली बादली धरली. आता मात्र पाद्रीला दिसलं. "मेलेल्याला हातानं पाणी घालायचं नाही! पाप आहे ते."

एमटने बादली खाली ठेवली. स्वतःच्याच दगडी तोंडाखाली जाऊन उभी राहिली, आ वासला, तोंड भरून घेतलं आणि भिंतीपाशी जाऊन मातीवर सोडलं. पुन्हा गेली, पुन्हा भरलं. हात तिने पाठीमागे बांधले होते. पाद्रीने तोंड फिरवलं. मी रडले, उघड सांगते.

पुढच्या आठवड्यात जर्व्हिसच्या सांगण्यावरून थर्स्टनने शिडी लावली आणि दगडी तोंडात शिशाची लांब नळी बसवली. आता पाणी कुंपणापलीकडे डुकरांच्या नाल्यात पडतं. नळीच्या खर्चासाठी पुन्हा दारू काढली. गावातल्या प्रत्येकाला ती प्यायला यावंच लागतं, एमटही आली. मी तिला पेला दिला. तिने एक घोट तोंडात घेतला आणि तशीच थांबली, गाल फुगलेले, त्या पावसात भिंतीपाशी जाताना होते तसेच.

बाकावरचे सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"गिळ गं," जर्व्हिस मऊ आवाजात म्हणाला.

तिने गिळलं.