एका कोयत्यात किती माणसं

माघाचं ऊन उसाच्या पात्यांवर उतरलं आणि पात्यांनी ते चिरून काढलं. हिरवं ऊन, पिवळं ऊन, धारेधारेचं ऊन. वारा नव्हता. फडात फक्त कोयत्यांचा आवाज होता : सप्प, सप्प, एकसुरी, अखंड.

बांधावर शर्वरी दाभाडे उभी होती, हातात सर्वेक्षणाचे अर्ज. दोन ऊसदेशांची तुलना व्हायची होती : धोक्याच्या कामाला जुंपलेली मुलं शेकडा किती. समुद्रापलीकडच्या देशाचा आकडा आला होता. इकडचा संध्याकाळपर्यंत हवा होता. ज्या मुलाचं नाव अर्जात येईल, ते आजच जीपने हंगामी वसतिगृहात जायचं. जीप रिकामी उभी होती. पाचटाच्या साठ कोप्या, साठ झोपड्या, विचारून झाल्या होत्या आणि साठ अर्जांवर मुलांच्या रकान्यात शून्य. गोल, गुळगुळीत, निष्पाप शून्य.

एकसष्टावं कुटुंब आसारामचं.

"कामाला किती जण?"

"एक कोयता," हात न थांबवता तो म्हणाला.

इथं माणसं अशीच मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा. अर्ध्याला मुकादम पुढच्या फडावर नेत नाही. शर्वरीने सवयीने लिहिलं : प्रौढ दोन.

मग तिने मान वर केली.

आसारामच्या शेजारी बायको नव्हती. दोन वेण्यांची, पाचटाने गाल ओरखडलेली एक मुलगी वाकून ऊस तोडत होती. कोयत्याचं पातं तिच्या नडगीच्या चार बोटं अलीकडून जात होतं. पुन्हा जात होतं.

"ही कोण?"

"सोजर, याची पोरगी," मुकादम बंकट हसला. "खेळायलीय, ताई. तुमच्याकडची पोरं बॅट खेळतात, आमची कोयता."

"वय?"

"अठरा लिहा," आसाराम उसाकडे बघत म्हणाला.

सप्प. सप्प.

शर्वरीने अर्जांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. साठ वेळा तिने विचारलं होतं, किती जण. साठ वेळा ऐकलं होतं, एक कोयता. साठ वेळा तिने निमूट दोन प्रौढ लिहिले होते. कोयता कुणाच्या हातात आहे, हे एकदाही विचारलं नव्हतं.

कोपीतून सोजरची आई, गयाबाई, बाहेर आली. उजवं मनगट फडक्यात बांधलेलं, सुजलेलं, जांभळं.

"तेरा वर्सांची हाय ती," गयाबाई म्हणाली. "मपला हात मोडला म्हणून उभी राहिली. लिहा तिला. घेऊन जा."

"गयाबाई," बंकट हळूच म्हणाला, "मग तुम्ही अर्धा कोयता. उद्या ट्रक भरंल तवा तुमचं बिऱ्हाड इथंच राहील."

आसारामचा हात थांबला. आजूबाजूचे हात थांबले.

"आये, मी तोडते की," सोजर म्हणाली.

शर्वरीने 'प्रौढ दोन' खोडलं. लिहिलं : मूल एक, वय तेरा, काम धोक्याचं. मग तिने साठ अर्जांच्या गठ्ठ्याची दोरी सोडली आणि पहिल्या कोपीकडे पाहिलं. ती फडाच्या पार दुसऱ्या टोकाला होती.

गयाबाईने लेकीच्या मुठीतून कोयता काढून घेतला. तिला जीपकडे ढकललं.

"अर्धा कसा रे, मुकादमा?" ती म्हणाली, आणि वाकली.

डाव्या हाताचा पहिला घाव हवेत गेला. दुसरा मातीत. तिसऱ्याला ऊस पडला.